अर्धा किलो मंगळ: कुठला दगड आणायचा, हे कसं ठरतं?

इंदूरच्या एका विज्ञान मंडळातल्या बारावीच्या मुलामुलींनी चार प्रश्न एकत्र विचारलेत. रोव्हरवर एवढी उपकरणं असताना मंगळावरचे दगड इथे आणायचा खटाटोप कशाला? कुठला दगड घ्यायचा ते कशावरून ठरतं? यात बिघडतं काय? आणि इंदुरात राहून यात काही करता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इंदुरातच आहे. राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, ज्याला आपण अजूनही नुसतं ‘कॅट’ म्हणतो, तिथे इंडस-२ नावाचा सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन कड्यात फिरवून प्रखर क्ष-किरण काढणारं यंत्र. त्याच्या कड्याचा परीघ १७२.५ मीटर, इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. अशा यंत्रातून निघणारा क्ष-किरणांचा झोत काही मायक्रॉनपर्यंत बारीक करता येतो आणि दगडातल्या एकेका कणातलं लोह कुठल्या अवस्थेत आहे, गंधक कशाशी बांधलंय, हे वाचता येतं. मंगळावर दगड गोळा करणाऱ्या नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरच्या हातावरचं पिक्सल हे क्ष-किरण उपकरण त्याच्या जातीतलं उत्तम आहे, पण त्याचा ठिपका साधारण १२० मायक्रॉनचा. बारीक गाळाच्या दगडातले कण त्याहून कितीतरी लहान असतात, त्यामुळे वाचन येतं ते अनेक कणांची सरासरी म्हणून. आणि १७२ मीटरचं कडं मंगळावर नेता येत नाही.

उरलेलं निम्मं उत्तर नमुन्याच्या तयारीत आहे. खडकशास्त्रातलं साधं काम घ्या: दगडाची चकती घासून ३० मायक्रॉन जाडीची करायची आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. हे कुठल्याही भूविज्ञान विभागात रोज होतं, मंगळावर आजवर एकदाही झालेलं नाही. खनिजं वेगळी करणं, आम्लात विरघळवणं, शंभर नॅनोमीटर जाडीचा काप काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवणं, हे सगळं हाताने आणि वारंवार करावं लागतं.

शिवाय रोव्हरवर काय जाणार हे उड्डाणाच्या बरंच आधी ठरतं. पर्सिव्हरन्सची उपकरणं जुलै २०१४ मध्ये निवडली, तो उडाला जुलै २०२० मध्ये. म्हणजे प्रश्न २०१४ चे, उत्तरंही त्याच मापाची. व्हायकिंग यानांचं काय झालं ते आठवा. १९७६ मध्ये त्यांनी माती तापवून सेंद्रिय पदार्थ शोधले. क्लोरीनयुक्त साध्या संयुगांखेरीज काही सापडलं नाही, आणि तीही पृथ्वीवरून गेलेल्या सफाईच्या रसायनांची समजली गेली. २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट, म्हणजे क्लोरीन आणि ऑक्सिजन असलेला क्षार, सापडलं. ते तापवलं की सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतं आणि क्लोरीनयुक्त संयुगं मागे ठेवतं. तीच माती प्रयोगशाळेत असती तर शंका आल्याच्या दुसऱ्या दिवशी न तापवता, पाण्यात काढून तपासता आली असती.

इथे हमखास विचारलं जातं: मंगळाचे दगड उल्का म्हणून फुकट येतातच की! येतात. त्यातला एक तर आपल्याकडेच पडला, २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटीत, आणि मंगळावरच्या उल्कांच्या सर्वांत मोठ्या गटाला त्यावरूनच ‘शेरगोटाइट’ म्हणतात. पण मंगळावरून उडून येण्याचा धक्का सोसतात ते टणक अग्निजन्य दगड. तळ्यातला ठिसूळ चिखलाचा दगड, ज्यात जीवसृष्टीची खूण टिकण्याची शक्यता सर्वाधिक, तो वाटेतच भुगा होतो. आणि दगड मंगळावरच्या कुठल्या थरातून निघाला हे कळत नाही. अंटार्क्टिकात १९८४ मध्ये सापडलेल्या एएलएच ८४००१ या उल्केत १९९६ मध्ये जीवाश्मांसारख्या आकृत्या दिसल्याचा दावा झाला, आणि वाद वर्षानुवर्षं रेंगाळला. दगड नेमका कुठला, त्याच्या शेजारी काय होतं, पृथ्वीवर पडल्यावर त्यात काय शिरलं, यातलं काहीच पक्कं नव्हतं.

आता निवड. इथे माझं मत ठाम आहे: एकटा ‘चांगला दगड’ शोधत फिरणं ही चुकीची पद्धत. आणायचा असतो संच, म्हणजे एकमेकांशी नातं ठाऊक असलेले दगड. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मंगळाचे नमुने आणण्याच्या मोहिमेची सात उद्दिष्टं मांडली: भूवैज्ञानिक परिस्थिती, जीवसृष्टीच्या खुणा, कालगणना, वायू आणि बाष्पशील पदार्थ, ग्रहाचा अंतर्भाग, माणसाला असलेले धोके, आणि तिथली वापरण्याजोगी संसाधनं. यादी सरकारी वाटते, पण तिचा उपयोग उलट्या दिशेने होतो. उद्दिष्टावरून मोजमाप, मोजमापावरून लागणारे मिलिग्रॅम, त्यावरून दगडाचा प्रकार, आणि त्यावरून रोव्हरने कुठल्या चढावर जायचं ते.

कालगणनेचं उदाहरण घेऊ. मंगळाच्या पृष्ठभागाचं वय आपण विवरं मोजून काढतो, पण ती मोजणी चंद्राच्या दगडांवर बेतलेली आहे, मंगळाला लावताना अंदाजाचे गुणक घालावे लागतात. क्युरिऑसिटी या आधीच्या रोव्हरने पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने एका चिखलदगडाचं वय जागेवरच मोजलं, ते ४.२१ अब्ज वर्षं, अधिक-उणे ३५ कोटी. ही कामगिरी खरोखर मोठी, पण ३५ कोटी वर्षांत एखादं तळं कितीदा भरून आटेल! प्रयोगशाळेत युरेनियम-शिसे पद्धतीने ही चूक काही दशलक्ष वर्षांवर येते. त्यासाठी दगड अग्निजन्य हवा आणि त्याचं गाळाशी वर-खाली नातं स्पष्ट हवं. पर्सिव्हरन्ससाठी जेझेरो हे ४५ किलोमीटर रुंद विवर निवडण्यामागे हेही एक कारण आहे. विवराच्या तळाशी लाव्हाचे आणि ऑलिव्हिन या हिरवट खनिजाने भरलेले अग्निजन्य खडक, त्यांच्यावर नदीने आणलेला त्रिभुज प्रदेशाचा गाळ. खालच्या खडकाचं वय मिळालं की वरचं तळं त्यानंतरचं, एवढं तरी पक्कं होतं.

म्हणून संचात कमीत कमी एवढं लागतं: खालचा अग्निजन्य खडक, शक्य तर वरचाही, बारीक कणांचा चिखलदगड, कार्बोनेट, सुटी माती, आणि हवा. माती आणि हवा ऐकायला किरकोळ वाटतात. उद्या माणूस तिथे गेला तर त्याच्या फुप्फुसात काय जाणार, हे त्यांच्यावरूनच कळणार आहे.

दगड घेण्याची क्रिया अशी चालते. रोव्हर आधी घासणीच्या पात्याने सुमारे पाच सेंटीमीटर व्यासाची जागा घासतो आणि नायट्रोजनच्या फुंकरीने धूळ उडवतो. वरचा पापुद्रा धुळीने आणि हवामानाने बदललेला असतो, त्यावरून निवड केली तर फसायला होतं. घासलेल्या जागेची छायाचित्रं, मूलद्रव्यं, खनिजं बघून ठरलं की त्याच खडकात शेजारी गाभा कापतात. छिद्रणयंत्र फिरतं आणि ठोकतंही. नळी पात्याच्या आतच बसवलेली असते, त्यामुळे कापलेला गाभा थेट तिच्यात शिरतो. शेवटी नळी अक्षापासून किंचित सरकवून गाभा बुडाशी मोडतात. गाभा १३ मिलिमीटर व्यासाचा, जास्तीत जास्त ६० मिलिमीटर लांब, म्हणजे खडूच्या कांडीएवढा. पूर्ण भरला तर आकारमान आठ घन सेंटीमीटर, पण प्रत्यक्षात तो बऱ्याचदा आखूड निघतो, दगडही सच्छिद्र असतो, म्हणून सरासरी १० ते १५ ग्रॅम धरतात. तीस नळ्या आणल्या तर फार तर अर्ध्या किलोच्या जवळपास. नळीसकट पातं मग रोव्हरच्या पोटात जातं. तिथला छोटा हात नळी काढतो, आत कांडी घालून किती भरली ते मोजतो, छायाचित्र घेतो, टोपण दाबून बसवतो.

नळ्या एकूण ४३, टायटॅनियमच्या, उन्हात तापू नयेत म्हणून बाहेरून पांढऱ्या लेपाच्या. त्यातल्या पाच ‘साक्षीदार’ नळ्या, ज्यांत दगड घालायचाच नाही. त्या उघडायच्या, आजूबाजूच्या हवेला आणि रोव्हरच्या यंत्राला सामोऱ्या करायच्या आणि बंद करायच्या. पृथ्वीवर दगडात एखादं सेंद्रिय संयुग सापडलं आणि तेच साक्षीदार नळीतही निघालं, तर ते रोव्हरच्या वंगणातून आलंय असं धरायचं. मर्यादा इतकी कडक की नमुन्यातलं पृथ्वीवरचं सेंद्रिय द्रव्य एकूण एक अब्जात दहा भागांपेक्षा कमी हवं. १५ ग्रॅमच्या गाभ्यात हे भरतं फक्त १५० नॅनोग्रॅम. बोटाच्या ठशातून याहून जास्त तेल सुटतं.

बिघडण्याबद्दल. ६ ऑगस्ट २०२१ ला पहिलाच गाभा कापला, यंत्रांचे सगळे आकडे बरोबर, आणि नळी रिकामी. खडक इतका ठिसूळ होता की भुकटी होऊन भोकाभोवती पसरला. नळी मात्र वाया गेली नाही. ती बंद केली होती, तेव्हा तिलाच हवेचा नमुना म्हणून ठेवलं. पुढच्या वेळी, सप्टेंबरमध्ये, ‘रोशेट’ नावाच्या टणक खडकावर गेले आणि कापल्यावर लगेच टोपण न लावता आधी छायाचित्र पृथ्वीवर मागवलं. पहिल्या चित्रात प्रकाश वाईट होता, गाभा दिसेना, म्हणून ऊन बदलल्यावर पुन्हा घेतलं, मगच बंद केलं. डिसेंबर २०२१ च्या शेवटी पाती ठेवण्याच्या फिरत्या चक्रात खडे अडकले, ते काढायला जानेवारी उजाडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका नळीचं टोपण नीट बसेना, संशय कडेवरच्या धुळीवर. दगड कापणं हा सगळ्यांत अवघड भाग वाटतो, पण कामं तुंबतात ती धूळ आणि खड्यांमुळे. खाणीत काम केलेल्या कुणालाही हे पटेल.

एका बारकाव्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं: गाभ्याची दिशा. मंगळाला एकेकाळी चुंबकीय क्षेत्र होतं, चार अब्ज वर्षांच्या आसपास ते विझलं. दगडात त्याची दिशा गोठलेली असू शकते, पण ती वाचायची तर गाभा जमिनीत कसा उभा होता, कुठली बाजू उत्तरेला होती हे माहीत हवं. कापण्याआधी खडकाच्या पृष्ठभागाचं जवळून छायाचित्र घेतात, त्यातल्या रेघा आणि कण गाभ्याच्या टोकावर नंतर ओळखता येतात. खडक फारच बारीक कणांचा आणि सगळीकडे एकसारखा दिसणारा असेल तर लेझरने छोट्या भोकांची एल-सारखी खूण करतात. अचूकता सुमारे तीन अंशांच्या आत. होकायंत्राचा तिथे उपयोग नाही, कारण ग्रहव्यापी क्षेत्रच उरलेलं नाही. रोव्हर सूर्याचं छायाचित्र घेऊन आपली दिशा सुधारतो.

तापमानाचंही तसंच. नळीचं तापमान साठ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण पाणी धरून बसलेले सल्फेट तापले की पाणी सोडतात आणि मूळ खनिज कुठलं होतं तेच कळेनासं होतं. सुटलेलं पाणी नळीतच राहतं, शेजारच्या खनिजाशी लागतं आणि मंगळावर कधी न घडलेली रसायनक्रिया आपल्या नळीत घडते.

जुलै २०२४ मध्ये घेतलेला एक गाभा सध्या सर्वांत मोलाचा मानावा लागेल. ‘चेयावा फॉल्स’ नावाच्या खडकावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके दिसले. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार ठिपक्यांत बहुधा व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट, म्हणजे लोहाचं फॉस्फेट आणि सल्फाइड आहे, आणि शेजारी सेंद्रिय कार्बन. पृथ्वीवर चिखलात सूक्ष्मजीव अशी खनिजं बनवतात, पण जीवाशिवायही ती बनू शकतात. रोव्हरच्या उपकरणांची मजल इथे संपते. पुढे करायचं काय हे प्रयोगशाळेतल्या माणसाला आजच सांगता येतं. ग्रेगाइटच्या कणांत गंधक-३४ आणि गंधक-३२ यांचं प्रमाण नॅनोसिम्सवर, म्हणजे अगदी बारीक ठिपक्यातली समस्थानिकं मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचं. सूक्ष्मजीव हलकं गंधक पसंत करतात, म्हणून कणाकणांत फरक दिसायला हवा. सोबत खडक कधी शंभर अंशांच्या वर तापला होता का ते बघायचं, कारण सल्फेटचं सल्फाइड करायला जीवाशिवाय तेवढी उष्णता लागते. पुरावे एकमेकांना दुजोरा देत असतील तरच बोलायचं. एकट्या आकड्यावर दावा केला तर १९९६ चीच गत होते.

पृथ्वीवर नळी थेट उघडायची नसते. आधी बंद नळीचाच क्ष-किरण सीटी स्कॅन, गाभा किती तुकड्यांत आहे, थर कुठे आहेत ते बघायला. मग नळीला छिद्र पाडून दगडाभोवतीची हवा काढून घ्यायची, मगच टोपण. याचा सराव चंद्राच्या नमुन्यावर झालाय. अपोलो १७ ने डिसेंबर १९७२ मध्ये निर्वात डब्यात बंद केलेला नमुना मार्च २०२२ मध्ये उघडला, तेव्हा उघडण्याआधी तो स्कॅन केला आणि खास अवजाराने डबा टोचून वायू गोळा केला. पन्नास वर्षं राखून ठेवल्यामुळे १९७२ मध्ये नसलेल्या पद्धती त्याला लावता आल्या. म्हणून मंगळाच्या नमुन्यांतलाही मोठा वाटा न वापरता ठेवायचा बेत आहे.

पृथ्वीच्या सुरक्षेमुळे हा बेत आणखी गुंतागुंतीचा होतो. मंगळाचा निर्जंतुक न केलेला कण पृथ्वीवर सुटण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी ठेवायची, नमुने सर्वोच्च दर्जाच्या जैवसुरक्षा प्रयोगशाळेत उघडायचे. बाहेरच्या प्रयोगशाळेला द्यायचे तर उष्णतेने किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक करून. खनिजांना गॅमा किरण फारसे बाधत नाहीत, पण सेंद्रिय रेणू मोडतात. म्हणून यादी दोन भागांत करावी लागते: निर्जंतुकीकरणाने बिघडणारी मोजमापं आतच, बाकीची बाहेर. आत किती उपकरणं ठेवायची यावर इमारतीचा खर्च ठरतो, आणि हा मुद्दा अंतराळयानाइतकाच वादाचा आहे.

उतरण्याचा धडा जेनेसिस यानाने दिलाय. ८ सप्टेंबर २००४ ला सौरवाऱ्याचे नमुने घेऊन येताना त्याचं हवाई छत्र उघडलंच नाही, कारण वेग घटल्याचं ओळखणारे छोटे स्विच उलटे बसवले होते. यूटाच्या वाळवंटात ते ताशी सुमारे ३०० किलोमीटरने आदळलं, आतल्या चकत्यांचे तुकडे झाले. तरी विज्ञान बरंच वाचलं, कारण वेगवेगळ्या प्रकारच्या सौरवाऱ्यासाठीच्या चकत्या मुद्दाम वेगवेगळ्या जाडीच्या केल्या होत्या, तुकडा मोजला की तो कुठला हे कळायचं. मंगळाच्या नमुन्यांसाठीच्या कुपीचा आराखडा म्हणूनच छत्राशिवाय, जमिनीवर आदळूनही न फुटणारा केला. जे उघडायचंच नाही ते अडकणारही नाही.

आणणार कोण, हे मात्र अधांतरी आहे. रोव्हरने डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ मध्ये ‘थ्री फोर्क्स’ नावाच्या सपाट जागी दहा नळ्या सुट्या ठेवल्या: सात दगडांच्या, एक मातीची, एक हवेची, एक साक्षीदार. हा राखीव संच, रोव्हर मध्येच बंद पडला तर. बाकीच्या त्याच्या पोटात आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र समितीने खर्च ८ ते ११ अब्ज डॉलर सांगितला, एप्रिल २०२४ मध्ये नासानेच २०४० पर्यंत वाट बघणं परवडणार नाही म्हटलं, आणि २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने कार्यक्रम रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. चीनचं तियानवेन-३ २०२८ च्या सुमारास निघून २०३१ च्या आसपास किमान ५०० ग्रॅम आणायच्या तयारीत आहे, तेही दोन मीटर खोल छिद्र घेऊन. खोली महत्त्वाची, कारण वैश्विक किरण वरच्या थरातले सेंद्रिय रेणू कालांतराने मोडतात आणि पर्सिव्हरन्सचा गाभा सहाच सेंटीमीटरचा. पण एका जागी खोल जाणं आणि अनेक किलोमीटर फिरून संच जमवणं यांत मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं. खोल नमुना अधिक ताजा असेल, मात्र वर-खालचं नातं सांगणारे शेजारी त्याला कमी मिळतील.

आता इंदूर. आपण दख्खनच्या लाव्हावर बसलोय, सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपासचा बेसाल्ट. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टच आहे. महूकडे, पातालपाणीच्या वाटेवर, रस्त्यासाठी कापलेल्या कडांमध्ये एकावर एक लाव्हाथर, त्यांच्यामधले लाल मातीचे पट्टे आणि पोकळ्यांत भरलेली पांढरी खनिजं स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात धबधब्याच्या पात्रात उतरायचं नाही, पाणी अचानक वाढतं. आणि दगड घेण्याआधी जागेच्या मालकाची परवानगी. पुढे शिक्षणात भूविज्ञान किंवा रसायन घेतलंत तर इंडस-२ वर बाहेरच्या संशोधकांना प्रस्ताव देऊन वेळ मिळतो, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत उल्कांवर काम चालतं आणि नॅनोसिम्सही आहे. आघाताने झालेली विवरं बघायची तर शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला आपल्याच राज्यात आहे.

मंडळाला लगेच करता येण्यासारखं काम म्हणजे दिशांकित नमुना घेणं. मूळ जागेवर घट्ट असलेला खडक निवडा, सुटा धोंडा नको. त्यावर जवळपास सपाट भाग शोधून पाणसळ लावून आडवी रेघ मारा, रेघेची दिशा आणि त्या पृष्ठभागाचा उतार मोजा, वरच्या बाजूला बाण काढा. हे सगळं दगड फोडण्याआधी. बेसाल्ट स्वतः चुंबकीय असतो, वीज पडलेल्या ठिकाणी तर होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, म्हणून एक उभी काठी रोवून तिच्या सावलीची दिशा आणि अचूक वेळ लिहून ठेवा, खरी उत्तर नंतर गणिताने काढता येते. खडकाचं मोजपट्टीसह छायाचित्र, जागेचे अक्षांश-रेखांश, खालचा आणि वरचा थर कुठला, दगडावर आणि वहीत एकच क्रमांक. दोन थरांतून प्रत्येकी दोन नमुने घ्या, मधल्या लाल पट्ट्यातून एक. मग वही दुसऱ्या गटाला द्या आणि त्यांना फक्त नोंदींवरून प्रत्येक दगड आपापल्या जागी परत टेकवायला सांगा. जो टेकवता येणार नाही त्याच्या नोंदीत काय राहिलं ते तपासा आणि तो पुन्हा घ्या.